प्रयोग, प्रयोगशील, प्रायोगिक

मराठी वर्तमानपत्रांच्या शेतीच्या पानावर ‘प्रयोगशील शेतकरी’ नेहमी भेटतो. आपल्या भागात कोणी न घेतलेले पीक घेऊन पाहणारा, लागवडीचे अंतर बदलणारा, नुकसान सोसून पुन्हा उभा राहणारा असा तो माणूस असतो. त्याला ‘प्रायोगिक शेतकरी’ मात्र कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर कृषी विद्यापीठाने चाचणीसाठी नेमलेला हा कोणी इसम आहे की काय, अशी शंका येईल. नाटकाच्या बाबतीत सारे नेमके उलटे झाले आहे. तिथे ‘प्रायोगिक नाटक’ हाच शब्द रुळला असून ‘प्रयोगशील नाटक’ असे म्हणणारे थोडे, आणि तेही बहुधा परीक्षण लिहिताना. दोन्ही विशेषणे एकाच ‘प्रयोग’ या नामापासून निघालेली आहेत. ‘शील’ लागले की स्वभाव सांगितला जातो आणि ‘इक’ लागले की वर्ग ठरतो. शेतकऱ्याचा आपण स्वभाव पाहतो आणि नाटकाचा वर्ग विचारतो, ही गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे.

‘नाटक कसे होते?’ या प्रश्नाला ‘प्रायोगिक होते’ असे उत्तर मिळते, तेव्हा ते कोणत्या सुरात मिळाले याकडे कान द्यावा लागतो. कधी तो इशारा असतो: घरातल्या मंडळींना घेऊन जाऊ नका, दोन अंकांमध्ये चहा मिळेल पण गोष्ट मिळेलच असे नाही. कधी तो बचाव असतो, आणि तो बहुधा नाटक करणाऱ्यांकडून येतो: आमच्याकडे पैसा नव्हता, तालमीला जागा नव्हती, संवाद पाठ झाले नव्हते, पण आम्ही प्रायोगिक आहोत. कधी ते छातीवर लावलेले पदक असते. या तिन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. नाटकात प्रयोग कोणता होता, तो कशावर केला आणि त्यातून काय निघाले, याविषयी कोणीच काही सांगितलेले नसते. चौथा सूर सरकारी आहे. एखाद्या रस्त्यावर एकेरी वाहतूक ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू होते, तेव्हा लोकांनी ओरडा केला तर आम्ही ती मागे घेऊ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. गंमत म्हणजे या चौघांत व्याख्येच्या सर्वांत जवळ सरकारच आहे, कारण परिणाम पाहून निर्णय बदलण्याची तयारी निदान त्या वाक्यात तरी लिहिलेली असते.

‘प्रयोग’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे या धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून झाला आहे. एखादी गोष्ट कामाला लावणे, वापरात आणणे, हा त्याचा मूळ आशय. म्हणून व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग आले, मंत्रांचे आणि औषधांचे प्रयोग आले आणि शस्त्रप्रयोगही आला. (भावे प्रयोगातले क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही ऐकत नाही, हे शाळेत शिकताना मला त्या तिघांतला तोच खरा प्रायोगिक वाटला होता.) धर्मकृत्यांच्या पोथ्यांमध्ये तर ‘प्रयोग’ म्हणजे अमुक संस्कार कोणत्या क्रमाने, कोणत्या मंत्रांनी आणि कोणत्या सामग्रीने करायचा याचा तपशीलवार विधी. तिथे यजमानाने किंवा पुरोहिताने काही नवे करून पाहावे अशी अपेक्षा मुळीच नसते. उलट सांगितल्यापासून तसूभरही न ढळणे हेच त्या प्रयोगाचे यश. आज ज्या शब्दाने आपण रूढीला धक्का देणारी कला ओळखतो, तो एके काळी रूढी बिनचूक पार पाडण्याचा शब्द होता. अर्थ असे उलटे फिरतात तेव्हा मधल्या वाटेवर काय घडले, हे पाहण्यात मला रस वाटतो.

मधल्या वाटेवर रंगभूमी आहे. संस्कृत नाटकाच्या व्यवहारात ‘प्रयोग’ म्हणजे नाटक रंगमंचावर करून दाखवणे. हाच अर्थ मराठीत आजही जिवंत आहे आणि इतका रोजचा आहे की त्याकडे लक्षही जात नाही. प्रयोग लागतो, रंगतो, पडतो, रद्द होतो. जाहिरातीत ‘शुभारंभाचा प्रयोग’ असतो आणि नाटक चालले तर ‘शंभरावा प्रयोग’ असतो. एखादी संहिता वाचायला चांगली पण ‘प्रयोगक्षम’ नाही, असे म्हटले जाते. निव्वळ गल्ल्यासाठी काढलेल्या विनोदी नाटकाचाही ‘प्रयोग’च होतो. प्रायोगिक नाटकाचाही प्रयोगच होतो, आणि तिथे एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या अंगावर येतात. इंग्रजीत या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत नाटकवाल्याला आणि शास्त्रज्ञाला एकाच शब्दाखाली दाटीवाटीने राहावे लागते, आणि मला हे आपल्या भाषेचे मोठे भाग्य वाटते. त्याचे कारण कालिदासाकडे सापडते.

‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटी सूत्रधाराला म्हणते की आपण प्रयोगाची व्यवस्था इतकी नेटकी लावता की कशाचीही उणीव राहणार नाही. सूत्रधाराने खुशीत येऊन मान डोलवावी अशी ती जागा आहे. पण तो म्हणतो, मी तुला खरे तेच सांगतो, आणि पुढे ती प्रसिद्ध ओळ येते: ‘आ परितोषाद् विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्’. जाणकारांचे समाधान होत नाही तोवर माझे प्रयोगाचे ज्ञान चांगले आहे असे मी मानत नाही. लगेच तो कारणही देतो: कितीही शिकलेल्या माणसाचे मन स्वतःविषयी साशंकच असते. आणि हे तो एका ‘अपूर्व’, म्हणजे पूर्वी न झालेल्या नाटकाच्या तोंडावर म्हणतो आहे. विधीच्या प्रयोगात पोथीप्रमाणे सारे केले की काम संपते. रंगमंचावरच्या प्रयोगात मात्र सारे यथासांग केल्यानंतरही एक गोष्ट शिल्लक राहते. ती करणाऱ्याच्या हातात नसते आणि आधी कळतही नाही. ती समोर बसलेल्यांच्या हातात असते. पुढे प्रयोगशाळेतल्या प्रयोगाला जो अर्थ चिकटला, त्याचे बीज मला या ओळीत दिसते. परिणामाची खात्री नसलेली पण पूर्ण तयारीनिशी केलेली कृती, असे त्या सूत्रधाराच्या कामाचे वर्णन करता येईल.

एकोणिसाव्या शतकात शाळा-महाविद्यालयांतून पाश्चात्त्य विज्ञान शिकवले जाऊ लागले, आणि चंबू, परीक्षानळ्या व तराजू यांच्या साहाय्याने जे केले जाई त्यासाठी ‘प्रयोग’ हा शब्द स्थिरावला. ‘प्रयोगशाळा’ आली. विसाव्या शतकात गांधीजींनी आत्मकथेला ‘सत्याचे प्रयोग’ म्हटले आणि तिच्या प्रस्तावनेत आपल्या पद्धतीची तुलना शास्त्रज्ञाच्या पद्धतीशी केली. आपले निष्कर्ष अंतिम आहेत असा दावा आपण करत नाही, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केले. युरोपातही विज्ञानाकडून शब्द उसना घेण्याची हौस कलावंतांना होतीच. क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने १८६५मध्ये प्रायोगिक वैद्यकावर ग्रंथ लिहिला आणि १८८०मध्ये एमिल झोलाने त्याचा आधार घेऊन ‘प्रायोगिक कादंबरी’ची कल्पना मांडली: माणसाला विशिष्ट परिस्थितीत ठेवायचे आणि त्याचे काय होते ते पाहायचे. यावरचा आक्षेप सरळ आहे. कादंबरीतला माणूसही लेखकाचा, परिस्थितीही लेखकाची आणि निष्कर्षही लेखकाचाच. मग लेखकाला चूक ठरवील असे त्यात कोण उरते? हा आक्षेप नाटकाला तितकासा लागू पडत नाही. नाटककाराने आणि दिग्दर्शकाने काहीही ठरवले तरी प्रेक्षक त्यांनी लिहिलेला नसतो.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने ‘प्रायोगिक’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्याइतकी कठोर व्याख्या मला अन्यत्र आढळलेली नाही. जिचा परिणाम आधी ठाऊक नाही अशी कृती, एवढीच ती आहे. नवी कृती, विचित्र कृती किंवा बंडखोर कृती असे तो म्हणत नाही. ऑगस्ट १९५२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक केजची रचना सादर करायला बसला. रचनेचे तीन भाग होते आणि एकूण अवधी चार मिनिटे तेहेतीस सेकंदांचा होता. ट्यूडरने प्रत्येक भाग सुरू होताना पियानोचे झाकण मिटले, संपताना उघडले, आणि मधल्या वेळात एकही स्वर वाजवला नाही. त्या वेळात सभागृहात आणि बाहेर जे काही ऐकू आले, तेच त्या दिवशीचे संगीत. हे ऐकून अनेकजण हसतात, आणि हसणे रास्तही आहे. पण प्रयोग म्हणून त्याची मांडणी किती काटेकोर आहे ते पाहावे. अवधी ठरलेला, भाग ठरलेले, वादकाची हालचाल ठरलेली. फक्त ऐकू काय येणार तेवढेच मोकळे सोडलेले. सगळेच मोकळे सोडले असते तर तो गोंधळ झाला असता आणि त्यातून काहीच कळले नसते. हौशी प्रायोगिक मंडळींची गफलत पुष्कळदा इथेच होते. त्यांना सर्व काही एकदम मोकळे सोडायचे असते.

ही व्याख्या हातात घेऊन मराठी रंगभूमीकडे पाहिले की बऱ्याच गोष्टींच्या जागा बदलतात. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. ते नॉर्वेच्या ब्यर्नसन या नाटककाराच्या नाटकावर आधारलेले होते. त्या काळचा प्रेक्षक संगीत नाटकांवर पोसलेला होता. एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत लांबत जायचे, आणि पुरुषांनी स्त्रीभूमिका करणे हा कलेचा मानबिंदू समजला जायचा. अशा प्रेक्षकांसमोर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, गाणी मोजकी ठेवली, संवाद घरातल्या बोलण्यासारखे ठेवले आणि रंगमंचावर खराखुरा वाटेल असा दिवाणखाना उभा केला. हे लोकांना चालेल का, याची खात्री कोणालाही नव्हती. तो प्रयोग होता. आणि पुढे काय झाले? तोच दिवाणखाना मराठी व्यावसायिक नाटकाचे हक्काचे घर झाला. सोफा, मागे जिना, एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारे दार, दुसऱ्या बाजूला बाहेरचे दार. चाळीस वर्षांनी जी तरुण मंडळी स्वतःला प्रायोगिक म्हणवू लागली, त्यांना सर्वांत आधी काय मोडायचे होते, तर हाच दिवाणखाना. १९३३चे धाडस १९७३मध्ये धोपटमार्ग झाले होते. यात कोणाचा दोष नाही. ‘प्रायोगिक’ हे काळाशी बांधलेले विशेषण आहे. ते नाटकाला जन्मभर लावून ठेवता येत नाही, एवढेच यावरून दिसते.

मधल्या काळात १९६०च्या सुमारास विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही मंडळी ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेत एकत्र आली होती. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७मध्ये तिथूनच आले. ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था सुरू केली, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके होऊ लागली. ही जागा नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हती. त्यामुळे नटाला कुठून यायचे, प्रेक्षकाला कुठे बसवायचे, पडदा नसेल तर अंक संपला हे कळणार कसे, असे प्रश्न प्रत्येक नाटकाला नव्याने सोडवावे लागत. अडचणींतून आलेले ते प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे हेच पुष्कळदा त्या नाटकांचे नवेपण ठरले. इथेच शब्दाच्या अर्थात एक सूक्ष्म बदल झाला, असे मला वाटते. ‘छबिलदासची चळवळ’, ‘छबिलदासचे नाटक’ असे लोक म्हणू लागले आणि ‘प्रायोगिक’ हा शब्द कृतीऐवजी पत्त्याचा झाला. तिथे झालेले ते प्रायोगिक, मोठ्या नाट्यगृहात तिकीटबारीवर झालेले ते व्यावसायिक. पुढे मुंबईतल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या एका सभागृहाचे तर नावच ‘एक्सपेरिमेंटल थिएटर’ आहे. तिथे कोणी आजोबांच्या काळचे नाटक जसेच्या तसे केले, तरी पाटी तीच राहणार.

जागेवरून वर्ग ठरवण्याची ही सवय किती अपुरी आहे, हे ‘घाशीराम कोतवाल’ने दाखवून दिले. तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेसह पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात केले. विरोध झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. मग बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि १९७४च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. १९८०मध्ये ते युरोपात गेले. पुढे ते इतके चालले की व्यावसायिक नाटकांनाही हेवा वाटावा. मग ते कुठल्या वर्गात बसवायचे? वर्ग विचारण्याऐवजी रंगमंचाकडे नीट पाहिले तर उत्तर मिळते.

रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नाहीच. पांढऱ्या धोतरातल्या, अंगावर उपरणे घेतलेल्या ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी आहे. गणपतीचे नमन म्हणत ती डुलते. त्या रांगेमागे काय चालले आहे ते दिसत नाही, कारण ती रांग हाच पडदा आहे. गरज पडली की ती पाठमोरी होते आणि भिंत बनते. मध्येच दोन माणसे सरकली की तिथे दार होते. तीच माणसे क्षणात रस्त्यावरचा जमाव होतात आणि पुन्हा निमूट रांगेत येऊन भजन म्हणू लागतात. या युक्तीचे देखणेपण सर्वांच्या ध्यानात राहते, पण तिच्यात दडलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अत्याचार जिच्या आड घडतो ती भिंत माणसांचीच आहे, आणि ती भजन म्हणते आहे, हे संवादात एक अक्षरही न उच्चारता प्रेक्षकाला उमगेल का? नाटकाला जे सांगायचे आहे त्याचा निम्मा भार त्या रांगेवर टाकला होता. ती रांग केवळ शोभेची ठरली असती तर नाटक एक नृत्यनाट्य होऊन बसले असते. तालमीत याचे उत्तर मिळण्याजोगे नव्हते, कारण त्या रांगेच्या समोरच्या बाजूला कोणीतरी बसलेले असणे हा त्या प्रयोगाचाच भाग होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या नाटकात वापरलेली साधने नवी नव्हती. खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन यांतून ती घेतलेली होती. सतीश आळेकरांच्या १९७४च्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो; कीर्तनाचा ठेका आणि आख्यानाची ढब तर आपल्या घराघरांत ऐकलेली. नवे एवढेच होते की कीर्तनकार मेलेला आहे आणि आख्यानाचा विषय देव किंवा संत नसून त्याचाच देह, चाळ आणि स्मशान आहे. लोक हसतात, हसता हसता आपण एका प्रेतापुढे बसलो आहोत हे त्यांना जाणवते की नाही, यावर सगळी भिस्त. पूर्वी कोणी वापरले नाही ते वापरणे म्हणजे प्रयोग, अशी जी सोपी समजूत आहे, ती या दोन नाटकांपुढे टिकत नाही. सर्वांच्या ओळखीची वस्तू तिला न शोभणाऱ्या कामाला जुंपणे, असेच या दोन्ही ठिकाणी घडले. ‘युज्’ धातूचा अर्थ जुंपणे, हे इथे आठवायला हरकत नाही.

मराठीत इतर कलांनी हा शब्द का उचलला नाही, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. मर्ढेकरांपासूनच्या कवितेला ‘नवकविता’ म्हटले गेले. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथेला ‘नवकथा’ हे नाव मिळाले. सिनेमाने ‘समांतर’ हे विशेषण पसंत केले. ‘नव’ हा शब्द लवकर शिळा होतो. आज सत्तर-ऐंशी वर्षांच्या झालेल्या कवितेला नवकविता म्हणताना आपल्याला काही वाटत नाही, कारण ते आता एका कालखंडाचे नाव झाले आहे. ‘समांतर’मध्ये दोन रेघा कधीच भेटणार नाहीत हे गृहीत आहे, आणि कलेच्या इतिहासात त्या सतत भेटत आल्या आहेत. फ्रेंचांनी यासाठी लष्करातला शब्द घेतला, अवाँ-गार्द: मुख्य सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. कलावंत समाजाच्या पुढे चालणारे असतात ही कल्पना त्या शब्दाच्या रूपाने सें-सिमों या फ्रेंच समाजवादी विचारवंताच्या अनुयायांनी १८२५मध्येच मांडली होती. मराठ्यांच्या फौजेत या आघाडीच्या तुकडीला ‘बिनी’ म्हणत. विसाजी कृष्ण बिनीवाले यांचे आडनाव त्यावरूनच आले. आपण कलेतल्या अवाँ-गार्दला बिनीचे म्हटले असते तर शब्द अगदी तंतोतंत बसला असता. पण मराठीत ‘बिनीचा कलावंत’ म्हणजे पहिल्या फळीतला, नामवंत कलावंत. ज्याला अजून कोणी ओळखत नाही, ज्याच्यावर पहिला वार होणार आहे, ही छटा तिथून केव्हाच गळून गेली. तरी त्यापेक्षा ‘प्रायोगिक’ मला अधिक पसंत आहे. लष्करी शब्दात मागून येणारे सैन्य आपल्याच वाटेने येणार हे ठरलेले असते. प्रयोग करणाऱ्याला तशी कोणतीच हमी नसते, आणि पुढे कोणी आले नाही तरी त्याचा प्रयोग फुकट जात नाही.

आता दुखणे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांना जो नियमाने जातो त्याला प्रायोगिकतेचा गणवेश पाठ असतो. काळे कपडे घातलेला पाच-सहा जणांचा समूह, मागे काळे पडदे, तीन-चार लेव्हल्स म्हणजे कमी-जास्त उंचीचे चौथरे, एक डफ. समूह एका सुरात एक वाक्य तीनदा म्हणतो, मग गोठतो, मग त्यातला एक स्पॉटमध्ये येऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून प्रश्न विचारतो, आणि ब्लॅकआउट. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कोणाचा तरी खरा प्रयोग होता. आज मात्र लेव्हलवर चढलेला मुलगा आता समाजाविषयी बोलणार हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असते. केजच्या मापाने मोजले तर यापेक्षा एखाद्या नेहमीच्या व्यावसायिक नाटकात, मोठा खर्च करून, ठरलेल्या विनोदी नटाला गंभीर भूमिका देणे हा जास्त मोठा प्रयोग ठरेल. कारण तिथे लोक हसायला लागतील की थांबतील, हे नाटकाच्या निर्मात्यालाही सांगता येत नाही. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. त्यांना जी भाषा प्रायोगिक म्हणून शिकवली गेली, ती ते चोख बोलतात. पोथीतला प्रयोग परत आला आहे, इतकेच.

दुसरे दुखणे अधिक खोल आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रयोगशाळेत फसलेला प्रयोगही वहीत उतरवला जातो: काय घेतले, किती घेतले, काय झाले, काय झाले नाही. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. नाटकात ‘फसलेला प्रयोग’ म्हणजे सगळ्यांनी विसरून जाण्याची गोष्ट. आपल्याकडे प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास सांगितला जातो तो यशस्वी नाटकांचा. तीच पाच-पंचवीस नावे, तीच छायाचित्रे. जी नाटके दोन प्रयोगांत संपली, त्यांच्या दिग्दर्शकांनी काय करून पाहिले होते आणि ते का जमले नाही, याची टिपणे क्वचितच कोणी ठेवली. परिणामी प्रत्येक नवी पिढी त्याच भिंतीवर त्याच जागी डोके आपटते आणि त्याला धाडस म्हणते. ज्या क्षेत्राने स्वतःला प्रयोगाचे नाव दिले त्याने प्रयोगवही ठेवू नये, याचे मला नवल वाटते. यशस्वी प्रयोग तर आपोआपच टिकतात. त्यांना वहीची गरज नसते.

आणि ‘प्रायोगिक आहे, म्हणून कळले नाही’ हा जो बचाव आहे, तो तर शब्दाशीच प्रतारणा करतो. जो प्रयोग पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्याचा निष्कर्ष करणाऱ्यालाही मिळत नाही. प्रेक्षकाला सारे लगेच कळलेच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. न कळण्याचेही प्रकार असतात. नाटक संपल्यावर जिन्यात लोक वाद घालत असतील तर काहीतरी पोहोचले आहे. लोक मुकाट्याने घड्याळ पाहत निघाले असतील तर तेही एक निरीक्षण आहे, आणि ते टिपून ठेवायला हवे. सूत्रधाराने ज्या ‘विदुषां’चा हवाला दिला ते म्हणजे मूठभर समीक्षक, असे मी मानत नाही, त्या संध्याकाळी जे समोर बसून लक्ष देत आहेत ते सगळेच त्यात येतात. त्यांच्या समाधानाचा अर्थ त्यांची करमणूक असाही नव्हे. पण त्यांना वगळून प्रयोग सिद्ध होत नाही, हे मात्र दीड हजार वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

माझ्यापुरता मी एक साधा नियम केला आहे. कोणी एखादे नाटक, चित्र किंवा गाणे प्रायोगिक आहे असे सांगितले की मी त्या विशेषणाचे क्रियापद करून विचारतो: कोणता प्रयोग केला? कशावर केला? उत्तर ‘आम्ही पूर्ण संवाद वगळून फक्त टेलिफोनच्या एका बाजूचे बोलणे ठेवले आणि दुसरी बाजू लोक मनात भरतात का ते पाहिले’ अशा प्रकारचे आले, तर बोलणे पुढे जाते आणि बहुतेक वेळा रंगते. उत्तर ‘चाकोरीबाहेरचे आहे’ असे आले तर मी चहा मागवतो. पुष्कळ चांगली, मनापासून केलेली नाटके या कसोटीवर प्रायोगिक ठरत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही बिघडत नाही. चांगले असण्यासाठी प्रायोगिक असावे लागत नाही.

ज्यांचे काम मला खरोखर प्रायोगिक वाटते, त्यांच्या तालमीत मात्र हा शब्द माझ्या कानावर क्वचितच आला आहे. तिथे ‘करून बघू’ म्हणतात. एका तालमीत एका नटीने विचारले की शेवटचे लांबलचक स्वगत मी प्रेक्षकांकडे पाठ करून म्हटले तर चालेल का. दिग्दर्शक म्हणाले, ‘करून बघ.’ तिने पाठ करून म्हटले. खांदे आणि मान यांतून जे दिसत होते ते चेहऱ्यापेक्षा अधिक होते, पण मागच्या रांगेत बसलेल्या प्रकाशयोजनेच्या मुलाने हात वर करून सांगितले की निम्मे शब्द ऐकू येत नाहीत. मग ती थोडी वळली, तेव्हा शब्द आले पण खांदे गेले. मग सर्वांत मागच्या भिंतीपाशी एक लाकडी फळी उभी करून तिच्यावर आवाज आपटून परत येतो का ते पाहिले. तो येईना. तेव्हा दिग्दर्शकांनी स्वगताची पहिली चार वाक्ये तोंड समोर असताना म्हणायला लावली, म्हणजे पुढे शब्द पुसट झाले तरी लोकांना धागा सापडेल, आणि पाचव्या वाक्याला तिला वळायला सांगितले. सहायकाने ते संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतले, कारण पहिल्या प्रयोगानंतर ते पुन्हा बदलावे लागेल, असे त्याला वाटत होते.